वायरीचा वाद

अमरला गाणं ऐकायचा नाद होता, आणि तोही साधासुधा नाही. वणीच्या खाणीतले एक साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांचा अँप्लिफायर, सीडी प्लेयर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर त्याने विकत घेतले. टेम्पोत स्वतः मागे बसून, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला स्पीकर कवटाळत, त्याने ते सामान बाभुळगावजवळच्या आपल्या गावी आणलं. दिवाळीत नागपूरला गेला आणि अंगठ्याएवढी जाड वायर घेऊन आला. या वायरीने आवाज उघडतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

त्या साली कापसाचा भाव इतका पडला, की अमरचे वडील बबनराव हट्टालाच पेटले. "या भावात एक बोंड नाई देत," म्हणाले, आणि वेचलेला सगळा कापूस बैठकीत भरला. तीन भिंतींना पार आढ्यापर्यंत ढीग लागले. स्पीकरसमोर दोन खुर्च्यांपुरती जागा तेवढी उरली. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, तरी अमर रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसायचाच. आणि आवाज खरोखरच उघडला होता. बासरीवाला फुंकर घालायच्या आधी श्वास घेतो, तोही ऐकू यायचा.

"वायरीची करामत," तो सगळ्यांना सांगत सुटला.

फक्त त्याचा मित्र सरदार तेवढा मानायचा नाही. सरदारचं बाभुळगावात मोटारी बांधायचं, म्हणजे जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायचं दुकान. दोघं शाळेपासूनचे दोस्त. "तांबं म्हंजे तांबं," तो म्हणायचा. "पाच-सात हाताच्या तारेत कानाले काय फरक पडणार बे? तुले खर्चाचा आवाज ऐकू येऊन राह्यला."

होळीच्या सुमाराला भाव जरा चढला आणि बबनरावांनी कापूस विकायला काढला. ढीग हलले तेव्हा दिसलं, की मागच्या बाजूने उंदरांनी त्या जाड वायरीचं वरचं आवरण पार कुरतडून ठेवलं होतं. अमरची बायको खुशी हिने बैठक झाडून घेतली, भिंतींना चुना दिला. अमरने सरदारच्या दुकानातली साधी वायर जोडली, गाणं लावलं आणि त्याचं तोंडच उतरलं. तबला पत्र्यावर वाजवल्यासारखा. बासरी कानात टोचत होती.

वाईट तर वाटलंच, पण आतून थोडा आनंदही झाला. त्याने सरदारला बोलावून घेतलं. "आता बोल. तुही वायर लावली अन् पाह्य काय झालं."

"मंग वायर न पाह्यता सांगून दाखव," सरदार म्हणाला.

अमरने नागपूरहून दुसरी जाड वायर मागवली. रविवारी बैठकीत निम्मा गाव जमला. स्पीकरपुढे चादर बांधली, चादरीमागे खुशी वायरी बदलायला बसली. ती कधी जाड लावायची, कधी साधी, कधी आहे तीच ठेवायची. अमर डोळे मिटून ऐकायचा आणि सांगायचा. कधी बरोबर आलं, कधी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. शेवटी त्याने स्वतःच हात जोडले. "नाई कळत मले," म्हणाला.

लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून पानठेल्यावर त्याचं नाव 'जाडी वायर' पडलं. सरदार मात्र हसला नव्हता. हरलेल्या माणसासारखा तोही मान खाली घालून बाभुळगावला गेला होता.

अमरला हरल्याचं एवढं दुःख नव्हतं. त्याला छळत होतं ते वेगळंच. जाड वायर लावूनही तो हिवाळ्यातला आवाज परत आला नव्हता. म्हणजे तो आवाज होता तरी का? का सगळा मनाचाच खेळ?

"मनाचा खेळ कायचा?" खुशी म्हणाली. "मी सैपाकघरातून ऐकत होती ना. तवाचं गाणं निराळं होतं. मले तं वायरीतलं काईच कळत नाई, मंग मले काहून वाटलं?"

या एका बोलण्याने अमरच्या पाठीचा कणा ताठ झाला.

चार दिवसांनी तो गावातल्याच चंदाकाकूंकडे ताडपत्री मागायला गेला. त्यांनी अजून कापूस विकला नव्हता. ढिगांच्या मधोमध त्या तूर निवडत बसल्या होत्या. "ये बापू, बस," त्या म्हणाल्या, आणि अमर दारातच थबकला. काकूंचा आवाज कसा जवळून, मऊ, स्वच्छ आला होता.

"काकू, अजून काई बोला."

"आता काय बोलू बाप्पा? तब्येत बरी हाये ना तुही?"

अमरने जोरात टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच विरली. ताडपत्री विसरून तो घरी धावला आणि आपल्या रिकाम्या, चुना दिलेल्या बैठकीत टाळी वाजवली. टाळी या भिंतीवरून त्या भिंतीवर टणटणत फिरली. अमर एकटाच मोठ्याने हसायला लागला, तशी खुशी पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"वायर नोयती," तो म्हणाला. "कापूस होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून स्पीकर चंदाकाकूंच्या घरी गेले. वायर मुद्दाम सरदारची, साधीच. सरदारला निरोप धाडला होता. तो आला, ढिगाला टेकून बसला. बासरी लागली. फुंकरीआधीचा तो श्वास ऐकू आला, तसा सरदारने चमकून अमरकडे पाहिलं. गाणं संपलं.

"पुन्हा लाव," सरदार म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने अमरच्या पाठीवर थाप मारली. "तुले फरक ऐकू आलता. म्या उगाच तुह्या कानावर शक घेतला."

"अन् तुही तारही खरी होती," अमर म्हणाला.

पुढचं काम सरदारची बायको अतिया हिने अंगावर घेतलं. ती पिंजाऱ्यांच्या घरची, कापूस पिंजून गाद्या भरणं तिला लहानपणापासून येत होतं. बबनरावांच्या शेतात हंगाम सरल्यावरचा शेवटचा फरदड कापूस तसाच उभा होता. डागाळलेला, त्याला व्यापारी हात लावत नव्हते. तो वेचला, पिंजला, आणि अतियाने जुन्या लुगड्यांच्या खोळी शिवून भिंतीएवढ्या गाद्या भरल्या. खुशीने त्या बैठकीत तिन्ही भिंतींना टांगल्या.

मग पुन्हा एक रविवार, पुन्हा निम्मा गाव. या वेळी पट्टी सरदारच्या डोळ्यांवर. त्याला बाहेर न्यायचे, कधी गाद्या काढायचे, कधी ठेवायचे, मग आत आणून बसवायचे. सरदारने एकदाही चूक केली नाही. शेवटी शेवटी तर तो दारात पाय ठेवल्याबरोबर, गाणं लागायच्या आधी नुसत्या लोकांच्या कुजबुजीवरून सांगायला लागला. मग पानठेलेवाला पुढे झाला, मग चंदाकाकू, मग आणखी कोणी. प्रत्येकाला पट्टी बांधून घ्यायची होती, आणि प्रत्येकाचं उत्तर बरोबर येत होतं. शाळेत कधी पास न झालेली माणसं त्या दिवशी एकामागून एक पास होत होती आणि बैठक दरवेळी टाळ्या वाजवत होती.

अमर खुर्ची सोडून भिंतीशी उभा होता. त्याच्या खुर्चीत बबनराव बसले होते, ज्यांनी आजवर या यंत्राकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"तो जो फुकतो ना, त्याचा दम ऐकू येते रे," ते म्हणाले. "थांबवू नको. चालू दे."