मार्गदर्शन कक्षाबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, माझं उत्तम चाललं आहे. जुन्या वस्तू बोलू लागल्या की ऐकणाऱ्याने रुमाल काढायचा, अशी एक रीतच पडून गेली आहे. तुमचे रुमाल खिशात राहू द्या. माझा एक पाय किंचित आखूड आहे, पाठीचा रंग उडाला आहे आणि डाव्या बाजूला कुणी बसलं की मी कुरकुरतो, पण या वयात एवढं कुणाचं नसतं?

साध्या लाकडाच्या फळ्या आणि खाली लोखंडी सांगाडा, असा माझा थाट. सुताराने शेवटचा खिळा ठोकला, स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "दोघं आरामात बसतील. तिघं बसली तर मैत्री होईल." तिथून मी शाळेत आलो आणि शेवटून दुसऱ्या रांगेत माझी नेमणूक झाली. त्या रांगेतल्या मुलांना धड्यांपेक्षा माझ्या फळीवरचे ओरखडेच जास्त पाठ असत. कंपासपेटीतल्या प्रत्येक टोकदार वस्तूने माझ्या अंगावर आपली हौस भागवून घेतली आहे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, पोरं होती, चालायचंच.

मग नवे, चकचकीत बाक आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. तिथे एका फुटक्या पृथ्वीगोलाच्या शेजारी मी काही वर्षं नुसती धूळ खाल्ली. तो काळ वाईट होता, खोटं कशाला बोलू? माझ्यावर कुणी बसत नव्हतं, आणि बसणारं माणूस नसेल तर बाक म्हणजे काय, नुसतं लाकूड.

मला तिथून सोडवलं मार्गदर्शक बाईंनी. शाळेने त्यांना कोपऱ्यातली एक चिंचोळी खोली दिली होती. एक टेबल, कॉम्प्युटर आणि तीन खुर्च्या ठेवल्यावर तिथे वाऱ्यालाही आडवं होऊन शिरावं लागे. वाट पाहणाऱ्यांना बसायला बाहेर काहीतरी हवं होतं. बाईंनी शिपाईमामांना हाताशी धरून मला ओढत आणलं आणि स्वतः पुसून दाराशी लावलं.

बाईंचं काम सांगायला सोपं. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना कुठे काय शिकता येईल ते समजावायचं, कॉलेज-प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करायची आणि फी झेपणार नसेल तर शिष्यवृत्तीची वाट दाखवायची. करायला मात्र हे काम महाकठीण, कारण आत गेल्यावर कुणी धड खरं बोलत नाही. टेबल मध्ये आलं की माणूस पोट आत घेतो. एका मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की अर्जाच्या निबंधात दुःख हवं, म्हणून तिने आपल्या आजोबांना अंथरुणाला खिळवलं. बाई आत तो निबंध वाचत होत्या, तेव्हा ते आजोबा माझ्यावर बसून कराकरा सफरचंद खात होते.

माझ्यावर मात्र माणसं शेजारी-शेजारी बसतात. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे खरं आपोआप तोंडातून निसटतं. ही माझी खास विद्या आहे आणि तिचा मला थोडा गर्वही आहे.

एका दुपारी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. रस्त्यावरची जखमी कुत्री-मांजरं घरी नेणारी ही मुलगी. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि दूरच्या शहरातल्या कॉलेजात तिला जागाही मिळाली होती. फी आणि वसतिगृहाचा खर्च मात्र घराच्या ऐपतीबाहेरचा. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं होणार होतं, आणि अर्ज पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. वडील वेल्डर. कामावरून परस्पर आले होते आणि ठिणग्यांनी भोकं पडलेला शर्ट बदलून इस्त्रीचा घातला होता.

दार उघडलं आणि बाई ओरडल्याच, "अरे, दांड्या! तू?"

"ढापणी!" वडीलही बाईंच्या चष्म्याकडे बघत तितक्याच जोरात म्हणाले.

दोघं एका वर्गातली निघाली. मला आनंद झाला, म्हटलं, चला, काम सोपं झालं. पण कसलं काय! बाईंनी सहज विचारलं, "काय करतोस सध्या?" आणि गृहस्थांची छाती फुगली. "वर्कशॉप आहे माझं. चार माणसं हाताखाली असतात."

"मग हा शिष्यवृत्तीचा अर्ज?"

"छे छे! ती गरजू मुलांना दे. आपलं बरं चाललंय."

मुलीने मान खाली घातली. खरं सांगावं तर वडिलांची लाज जाते, गप्प बसावं तर कॉलेज जातं. ती गप्प बसली. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "ऑफिस बंद होईपर्यंत मी इथेच आहे. विचार बदलला तर दार वाजव."

दोघं बाहेर येऊन माझ्यावर बसली. वडील अगदी कडेला टेकले होते, उठू की बसू असे.

"फीचं बघू काहीतरी," ते म्हणाले. "ओव्हरटाइम करीन."

"वर्कशॉपचे मालक ओव्हरटाइम करतात, बाबा?"

वडिलांनी इस्त्रीच्या शर्टाची बाही उगीच सारखी केली. "तुला नाही कळायचं," ते पुटपुटले. "वर्गात ती पहिली यायची. तिच्यासमोर कसं सांगायचं?"

"आणि तुम्ही कितवे यायचात?"

"मी येतच नव्हतो. म्हणून तर दांड्या."

मुलीला हसू आलं. "मग पास कसे झालात?"

"तिच्यामुळे. गणित अडलं की ती आपली वही माझ्याकडे सरकवायची. मधल्या सुट्टीत बसून समजावायची."

"म्हणजे तुम्हाला गणित येत नाही, हे बाईंना माहीत होतं?"

"अख्ख्या शाळेला माहीत होतं."

"आणि तरी वही सरकवायच्या?"

"हो."

"मग आजही अडलंय एवढंच सांगायचं होतं ना, बाबा."

मित्रांनो, माणूस खरं कबूल करतो तेव्हा त्याचं वजन वाढतं, हे मी अनुभवाने सांगतो. वडील हळूहळू मागे सरकले आणि पाठ टेकून नीट बसले. माझा आखूड पाय टक्कन वाजला. एवढा वेल्डर माणूस, पण त्याचं माझ्या पायाकडे लक्षही गेलं नाही. ते सगळं मुलीकडे होतं, आणि तेच बरोबर होतं.

ते उठले आणि त्यांनी दार वाजवलं. बाई लॅपटॉप घेऊन बाहेरच आल्या. "सरक जरा," म्हणून सरळ माझ्यावर बसल्या. तिघं झाली. मी कुरकुरलो, पण आनंदाने.

"ढापणी, मघाशी मी थोडं वाढवून सांगितलं," वडील म्हणाले.

"थोडं? तुझ्या हिशेबाने कॉलेजच तुझ्याकडे देणगी मागायला आलं असतं!"

"वर्कशॉप दुसऱ्याचं आहे. मी वेल्डर आहे तिथे."

"मग वेल्डर लिहू?"

"लिही."

"आणि हाताखालची चार माणसं?"

"एक कुत्रा आहे. तोही हिनेच आणलेला."

तिघंही इतकी हसली की शिपाईमामा डोकावून गेले. मग अर्ज भरला गेला, दाखले जोडले गेले आणि ऑफिसला कुलूप लागायच्या आत तो रवानाही झाला. पुढे शिष्यवृत्ती मिळाली. मुलगी गेली. आज ती गाईबैलांच्या पायांना पट्ट्या बांधायला शिकते आहे असं ऐकतो, आणि मला फार बरं वाटतं.

वडील मात्र अजून येतात. प्रवेशाच्या दिवसांत बाई त्यांना बोलावून घेतात आणि मुद्दाम माझ्यावर बसवतात. परवा त्यांच्या शेजारी एक इस्त्रीचा शर्ट येऊन टेकला, अगदी कडेला. "आम्हाला मदत-बिदत काही नको," तो आपल्या बायकोला दबक्या आवाजात बजावत होता. मग वेळ जावा म्हणून त्याने शेजारी विचारलं, "तुम्ही काय करता?"

"वेल्डर आहे. दुसऱ्याच्या वर्कशॉपात," वडील म्हणाले, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. "आणि मुलगी जनावरांची डॉक्टर होतेय. शिष्यवृत्तीवर."

इस्त्रीचा शर्ट कडेवरून आत सरकला, नीट बसला आणि हळूच म्हणाला, "तो अर्ज कसा भरायचा असतो हो?"

मित्रांनो, इथे मी निगा राखण्याची विनंती करावी अशी प्रथा आहे. कुणी माझ्या पायाखाली चकती ठोकली तर मी नाही म्हणणार नाही. पण माझं जाऊ द्या. तुमच्या शेजारी बसून कुणी घाबरत-घाबरत आपली अडचण सांगू लागलं, तर हसू नका. थोडं सरका आणि त्याला नीट बसू द्या.