तांगीने डोकं वळवलं

तांगी ले मेर आमच्या क्लबकडून एका तपाहून जास्त खेळला. मी, कमेल, गोलकीपर; तो माझ्यापुढचा बचावपटू. आमचं बंदर वाऱ्याचं. उंच चेंडू कुठून कुठे वळेल, नेम नसायचा. तांगी मात्र त्याखाली उभा राहून डोक्याने तो परत धाडायचा. गावाने त्याचं नाव ठेवलं होतं 'खडक'.

एका हिवाळ्यात सरावाला येताना त्याने विचारलं, "काल आपण जिंकलो ना रे?"

"शेवटचा चेंडू तूच काढलास की, लेका!" मला वाटलं, मस्करी करतोय. पण तो हसला नाही.

मीच त्याला गाडीतून रेन शहरात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "चेंडूचे दणके बसून बसून हे विसरणं सुरू झालंय. डोक्याला आता एकही दणका नको. आजच थांबलात तर उत्तम."

परतताना तो म्हणाला, "मे महिन्यात हंगाम संपेपर्यंत खेळतो. फक्त डोकं लावणार नाही."

"वा! मग मीही उद्यापासून हात खिशात घालून उभा राहतो."

"उंच चेंडू तुझे. बाकी माझ्यावर सोड. आणि कुणाला बोलू नकोस."

हे त्याच्या बायकोला, सोलेनला, तेवढं ठाऊक होतं; लेकीला, नोल्वेनलाही, सांगितलं नव्हतं. सोलेन मला म्हणाली, "तू त्याला साथ देतोयस, हे मला अजिबात पटलेलं नाही. आता निदान उंच चेंडूला वेळेवर पुढे ये."

त्यानंतरचे महिने तांगी असा खेळला, की मी बघत राहायचो. चेंडू उंच उडण्याआधीच हा तिथे हजर! उडवणाऱ्याच्या पायातूनच तो काढून घ्यायचा. इतकी वर्षं तो मैदान किती बारकाईने बघत होता, ते आता मला कळत होतं.

मे महिन्यातला शेवटचा सामना. बरोबरी झाली तरी आम्ही दुसऱ्या श्रेणीत टिकणार होतो. अगदी शेवटी, बरोबरी असतानाच, त्यांना कॉर्नर मिळाला. मी झेपावलो आणि गर्दीत अडकलो. चेंडू थेट तांगीच्या कपाळावर येत होता. त्याला नुसतं उभं राहायचं होतं.

त्याने डोकं वळवलं. चेंडू जाळ्यात गेला. आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो.

लोकांनी शिट्ट्या मारून त्याची हुर्यो उडवली. दर रविवारी त्याला सफरचंदाची दारू, सायडर, पाजणारा म्हातारा ओरडला, "कसला खडक! वाळू आहे वाळू!"

कपडे बदलायच्या खोलीत येताच मी म्हणालो, "मी जाऊन सगळं सांगतो. भित्रा म्हणताहेत तुला!"

"घाबरलोच होतो मी," तो बूट सोडत म्हणाला. "चेंडू खाली येताना नोल्वेन डोळ्यांपुढे आली. उद्या पोरीचं नाव आठवलं नाही तर? ...तू बस. मीच सांगतो."

तो पत्रकारांसमोर गेला आणि आडपडदा न ठेवता सगळं बोलला. काही जण त्याच्या घरी येऊन माफी मागून गेले. माझा मोठा भाऊ मात्र अजून म्हणतो, तेवढा एक चेंडू तरी डोक्यावर घ्यायला हवा होता.

आता तांगी गावातल्या लहान मुलींना शिकवतो. मागे एका बापाने कुंपणावरून विचारलं, "अहो, डोक्याने मारायला कधी शिकवणार?"

"शिकवणार नाही," तांगी म्हणाला. "डोकं त्यांना शाळेत लागतं."

शनिवारी मैदानाबाहेर आम्ही धिरड्यात गुंडाळलेलं सॉसेज, आमच्याकडची गालेत, खातो, जुन्या सामन्यांवर बोलतो. कधी एखाद्या खेळाडूचं नाव त्याच्या ओठांवर येऊन अडतं. मी ते सांगत नाही. खात राहतो, वाट बघतो. बहुतेक वेळा त्याला आठवतं.