साखरेचं पोतं जिना चढतं

सुदानात, दारफूरला गावी होतो तेव्हा मुलगी द्यायची तर आम्ही विचारायचो, घराणं कुठलं, गुरं किती. कैरोत आल्यापासून एकच विचारतो: फाइल कुठवर आली? निर्वासितांच्या कचेरीत मुलाखत झालेला मुलगा बरा. परदेशी जाण्याआधीची वैद्यकीय तपासणी झालेला तर फारच बरा. त्याचे दात पडले असले तरी चालतं. वर्षानुवर्षं नुसतं वाट पाहत बसलेल्या समाजानं काहीतरी प्रगती करायलाच हवी.

तिजानीची तपासणी झाली होती. जायचं ठिकाण कॅनडा, वय पन्नास, तेही त्यानं स्वतः सांगितलेलं. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी अबकरच्या दोन खोल्यांत धूप जळत होता आणि त्याची मुलगी सित्तना कॉफीचे दाणे भाजत होती. सित्तना पंधरा वर्षांची. सुदानी शाळेत आठवीत.

"दाणे जाळू नकोस गं," आई कलतूमा म्हणाली.

"जळू देत. कवळीनं पिणाऱ्याला चव काय कळते?"

"तोंड आवर!" बाहेरून अबकर ओरडला. "तिकडे पोचलीस की आम्हाला बोलावून घेशील. नाहीतर बसू इथंच, घरमालकाच्या शिव्या खात."

उंबऱ्यावर त्याची बहीण हव्वा भेंड्या चिरत होती. तिलाही असंच पुढे सरकलेल्या फाइलला दिलं होतं. फाइल परदेशी उडाली, नवराही उडाला. हव्वा विधवा नाही, घटस्फोटितही नाही; त्यामुळे तिला कुठल्या रकान्यात टाकून दया करावी ते गल्लीला कळत नाही. लग्नाच्या मेंदीला तिला कुणी बोलावत नाही.

"तू आत जा," अबकर म्हणाला. "चांगल्या कामात तुझं तोंड नको."

"तोंड माझं आहे रे, पण नवरा तू आणला होतास."

तेवढ्यात पाहुणे आले. तिजानी, त्याचा काका बहरुद्दीन, आणि मागून रिवाजाप्रमाणे आहेर: तेलाचे डबे, अत्तरं, साखरेचं पोतं. पोतं खोलीच्या मधोमध बसलं, पाहुण्यांहून ऐटीत.

"पोरगी नशीबवान हो," काका म्हणाला. "चला अबकरभाऊ, फातिहा म्हणून मोकळे होऊ."

पुरुषांनी प्रार्थनेसाठी तळहात उघडले. एकदा फातिहा झाली की शब्द दिला. मग माघार नाही.

"थांबा," उंबऱ्यावरून हव्वा म्हणाली. "तिजानी, उद्या कचेरीत जाऊन तुझ्या फाइलवर हिचं नाव घालशील? बायको म्हणून?"

तिजानीचे हात उघडेच राहिले, जणू कुणी त्यांत चिल्लर टाकणार होतं. "अगं, नाव घातलं की फाइल पुन्हा पहिल्यापासून. नऊ वर्षं गेली माझी. तिकडे गेल्यावर घालतो ना."

"म्हणजे कचेरीत तू कोण?"

"...एकटा."

"माझा नवराही कचेरीत एकटाच होता. विमानातही एकटाच बसला."

"टाकलेल्या बाईनं पुरुषांत बोलायचं?" काका कडाडला. "अबकर, तुझ्या दारात ही कोण भुंकतेय?"

इथे बापाचे डोळे उघडले, असं लिहायला मला आवडलं असतं. अबकर खाली बघून म्हणाला, "घालतो म्हणतोय की गेल्यावर."

तेव्हा कलतूमा आली. तिनं पोत्याचा कान धरला आणि पाहुण्यांच्या पायांमधून ते ओढायला लागली.

"सित्तना, दुसरं टोक धर."

पोतं जिन्यावर गेलं. "काका, कॉफी घेऊन जा," कलतूमा म्हणाली. "साखर तुमचीच घाला."

"तुझ्या पोरीला आता कुणी विचारणार नाही!"

"शाळेत मास्तर रोज विचारतात."

त्यानंतर अबकर बायकोशी बोलेना. गल्लीनंही बोलणं टाकलं. त्यांच्या दारावर कुणीतरी घाण ओतली. कुणी ते आम्ही शोधलं नाही. आपलाच हात निघायचा.

पुढच्या शुक्रवारी जिन्यात ओळखीचा आवाज आला. तेच पोतं वर चढत होतं. कलतूमाच्या मजल्यावर थांबलं नाही, पाचव्यावर गेलं. तिथली रिहाब तेरा वर्षांची आहे. आवाज साऱ्या इमारतीनं ऐकला, आणि साऱ्या इमारतीनं टीव्ही मोठे केले.

कलतूमानं गॅस बंद केला. "हव्वा, चल. तू विचार, मी ओढते."

"आणि मी?" सित्तनानं विचारलं.

"दुसरं टोक कोण धरणार?"

तिघी आमच्या दारावरून वर गेल्या आहेत. आम्ही आतून कान लावून उभे आहोत. पोतं जड आहे, वरचे लोक दांडगे आहेत, आणि कडी आमच्या बाजूनं आहे.