पिशवी राहू द्या

पिरंगुटच्या एका कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. धोक्याचा भोंगा वाजला की चारशे माणसांनी कुठल्या दारातून बाहेर पडायचं, हे मी ठरवते. त्यामुळे गाडी घेतली तेव्हा तिचाही आराखडा मीच केला आणि लॅमिनेट करून डॅशबोर्डवर चिकटवला. वडीलधाऱ्यांनी आधी उतरून पन्नास पावलं लांब जायचं. सामानासाठी परत फिरायचं नाही. गाडीत धारदार वस्तू ठेवायची नाही. माझा नवरा प्रदीप म्हणाला, "तोंडी परीक्षा पण आहे का?" मी म्हणाले, "आहे."

चार वर्षांच्या धम्मदीपाची खुर्ची मागच्या सीटवर असते. तिचे पट्टे पोटाशी एका बकलात अडकतात आणि लाल बटण दाबलं की सुटतात. पोरगी जरा रडली की माझ्या सासूबाई, फुलाबाई, ते बटण दाबून तिला सरळ मांडीवर घ्यायच्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांना किती वेळा सांगितलं! "लेकरानं मांडीवर न्हाई तर कुटं बसायचं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेवटी मी त्या बटणावर बसणारं एक प्लास्टिकचं झाकण आणलं. लावताना नुसतं दाबायचं, काढायला मात्र पिवळी किल्ली लागते.

कारखान्यात मशीन दुरुस्तीला घेताना जो कुलूप लावतो, किल्ली त्याच्याच गळ्यात राहते. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही म्हणजे नाही. घरीही मी तेच केलं. झाकणाची किल्ली आणि पट्टा कापायचं छोटं पातं, दोन्ही माझ्या ओळखपत्राच्या फितीला. "मुलगी आहे का बॉयलर?" प्रदीप म्हणाला. आत्यांना किल्ली द्यायचा प्रश्नच नव्हता.

त्या रविवारी आत्यांना गावाहून भूगावला आमच्या फ्लॅटवर आणत होते. प्रदीपची कामावर पाळी होती, म्हणून मी आणि धम्मदीपाच गेलो. गावात पोचल्यावर झाकण काढून पोरीला उतरवलं, आणि उकडत होतं म्हणून गळ्यातली फीत आत्यांच्या घरातल्या खुंटीला अडकवली. निघताना आत्यांची पिशवी तपासली. हो, तपासली. वर अळूची पानं आणि शेवग्याच्या शेंगा होत्या.

"विळा नाही ना घेतलात?"

"न्हाई गं बाई."

पोरीला बसवलं, पट्टे लावले, झाकण दाबलं. टक्. त्या आवाजानं मला नेहमी बरं वाटायचं.

पौड मागे पडलं आणि डॅशबोर्डखालून जळक्या वायरीचा वास आला. पाठोपाठ धूर. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, उतरून मागचं दार उघडलं. एकही चूक नाही. मग हात गळ्याशी गेला, आणि गळ्यात काहीच नव्हतं.

ती खुंटी डोळ्यांसमोर आली.

"आत्या, उतरा! लांब जा!" मी ओरडले. त्या खोकत उतरल्या. मी झाकण नखांनी ओढलं, दातांनी ओढलं. पट्टे सैल करायची कळ दाबली, तर एक पट्टा इंचभर सरकला आणि मुरगळून अडकला. "आई, डोळे झोंबतायत," धम्मदीपा म्हणाली. मग ती रडायला लागली, "आजीकडे दे, आजीकडे."

मागून आलेला अंड्यांचा टेम्पो थांबला. चालकाचं नाव फारूक, हे मला नंतर कळलं. त्यानं माझ्या गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर बॉनेटवर रिकामा केला. धूर आतून येतच राहिला. आता पुढच्या सीटखाली लाल दिसत होतं. त्याच्याजवळ पान्हा होता, पकड नव्हती. त्यानं पान्ह्यानं झाकणावर दोन घाव घातले. तिसरा पोरीच्या मांडीला लागला.

तेवढ्यात आत्या परत आल्या. "पिशवी," त्या खोकत म्हणाल्या, "पिशवी दे माजी."

"पिशवी राहू द्या!"

"अगं, पिशवी..."

"जळू द्या ती भाजी! लांब व्हा!" मी त्यांना कोपरानं ढकललं. "दादा, यांना आधी लांब न्या!" आगीत पर्स आणायला परत फिरणारी माणसं मी सरावात पाहिलेली होती. सासूही त्यातलीच, असं वाटलं मला, आणि इतका राग आला की पोरीवरून लक्ष उडालं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा तिरस्कार वाटला.

फारूकनं त्यांना धरून ओढत नेलं. त्यांनी त्याच्या हाताला हिसडा दिला, गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि धुरात अर्ध्या आत शिरल्या. अळूची पानं बाहेर उडाली, शेंगा उडाल्या. तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला विळा निघाला. पोरीच्या छातीपाशी डावा हात घालून त्यांनी खांद्यावरचे दोन्ही पट्टे भात कापावा तसे दोन ओढीत कापले.

मी पोरीला उचललं आणि पळाले. पन्नास पावलं. मोजली नाहीत, पण असतील.

गाडी जळाली. आराखड्यासकट जळाली. रस्त्याच्या कडेला आत्यांच्या मांडीवर धम्मदीपा बसली होती, कापलेला पट्टा मुठीत घट्ट धरून. तिच्या मांडीवर काळंनिळं झालं होतं, बाकी ती धडधाकट होती. आत्यांच्या डाव्या तळव्यातून रक्त येत होतं. मी तिकडे बघितलं, तसा त्यांनी उजव्या हातातला विळा पदराखाली घेतला.

"रागवू नगं गं," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले तुला. म्हातारीला सवय हाय, विळ्याबिगर करमत न्हाई. पिशवी मागितली तवाच सांगणार व्हते, पर तू आनिक वरडशील आसं वाटलं. पुन्यांदा न्हाई आणायची गाडीत."

पोरगी आगीत अडकलेली असताना ही बाई मला भीत होती. मी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. त्यांना वाटलं, मी विळा मागतेय. त्यांनी तो पदराखालून काढला, मूठ माझ्याकडे केली आणि माझ्या हातात दिला.