पदराची शेवटची अर्धी वीत

मी वरवंटा. चटणी वाटायचा, काळा, गुळगुळीत. आज आवाज चढवूनच बोलणार. कारण परवा मला कचरागाडीत टाकायला काढलं होतं.

काढणारा कोण? नचिकेत! आमच्या घरची रीत अशी, की बाळाच्या आधी मला झबलं-टोपडं घालून पाळण्याखालून फिरवायचं आणि नावही आधी माझ्या कानात सांगायचं. बाळ दगडासारखं टिकावं म्हणून. नचिकेतचं नाव पहिल्यांदा मी ऐकलंय. आता त्याच्या मुलीचं बारसं, तर माझ्या जागी बाजारातली कापसाची बाहुली. फोटोत छान दिसते म्हणे. आणि मी जुनाट!

जुनं म्हणजे काय, ठाऊक तरी आहे का? साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या माळव्याची जमीन फाटली, तेव्हा मी लाल रस होऊन वाहत होतो. ज्या मातीवर पसरलो, तिच्यात डायनासोरची अंडी होती. ते गेले. मी गार होऊन पडून राहिलो. तुम्ही माणसं तर जेवणं उरकल्यावर आलेले पाहुणे. सांवेरकडच्या पाथरवटानं मला घडवलं, आणि इंदूरच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यात नव्या नवरीच्या, इंदुमतीच्या हाती पडलो. ही नचिकेतची आजी. चौथीत शाळा सुटली, पण नातवाची पुस्तकं त्याच्याआधी वाचून काढायची. पुढं मिक्सर आला, फ्लॅट आला, मी बाल्कनीत कुंडीचा टेकू झालो. तेही सोसलं.

परवा गाडीवाल्यानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "भिया, ये गीले में डालूँ के सूखे में?"

"सूखे में डाल दे यार."

"पत्थर नी चलेगा भिया. मलबे की गाड़ी अलग आती है."

सगळ्या शहराचा कचरा वेगळा करणारी माणसं, आणि माझा डबाच सापडेना!

तेवढ्यात आजी जिना उतरून आली. "ध्यानासारखा उभा काय राहतोस? घे त्याला. चल वर."

वर तिनं ट्रंकेतली नऊवारी काढून खोलीभर पसरली. "हे टोक, इथं पृथ्वी जन्मली. दीड वार शुकशुकाट. मग सहा-साडेसहा वार समुद्रातले बारके जीव, डोळ्यांना दिसायचेसुद्धा नाहीत. मासे, डायनासोर, सगळी जत्रा या पदराच्या शेवटच्या वारात. आणि शेवटच्या अर्ध्या वितीत हा वरवंटा. आता तू कुठं, सांग."

"असेन कुठेतरी शेवटी," नचिकेत पुटपुटला.

"शेवटचा एक धागा. तू एकटा नव्हे रे, अख्खी माणूसजात! आणि तू याला जुनाट म्हणतोस?"

नचिकेतची बायको मधुरिमा खुदकन हसली. "आजी, याचं झबलं कुठं ठेवलंय?"

आज बारसं झालं. फोटोवाला म्हणाला, "आंटीजी, पत्थर थोड़ा साइड में."

"तूच हो साइडला," आजी म्हणाली. तिनं मला पाळण्याखालून फिरवलं आणि माझ्या थंड अंगाला ओठ लावून नाव सांगितलं: अनुश्री. मग बाळाला कळलं.

माझा राग गेलेला नाही. मला ओट्यावर ठेवा, नाहीतर पुन्हा कुंडीखाली सारा. नाव मी जपेन, तेवढी सवय आहे मला. तुमचा धागा मात्र तुम्हीच जपा. तो दगडाला जपता येत नाही.