भीती वाटत नाही म्हणून

"ऊठ आता, उस्ता. नाहीतर निदान एकदा हर तरी," शहाता गल्ल्यामागून म्हणाला.

पोर्ट सईदच्या त्या गल्लीत शहाताचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि तिथे एकच कायदा चालायचा. हरेल त्याने उठायचं, जिंकेल त्याने बसून राहायचं. रिफअत, गल्लीचा 'उस्ता' म्हणजे मिस्त्री, दुपारपासून बसला होता. त्याच्याकडून हरलेले बरेच जण कंटाळून चहा प्यायला निघून गेले होते, आणि उरलेले दारात उभे राहून ही ब्याद कधी टळते याची वाट बघत होते.

"हरतो ना," रिफअत म्हणाला, आणि त्याने मनापासून प्रयत्नही केला. फुटबॉलच्या पुढच्या सामन्यात गोलरक्षकाला मुद्दाम भलतीकडे पळवलं. पण बोटं ऐकेनात. समोरचा चेंडू कुठे देणार हे त्यांना आधीच कळायचं, आणि लहानपणापासूनच्या सवयीने ती आपलं काम उरकून मोकळी व्हायची. तो पुन्हा जिंकला. दारातल्यांनी त्याच्या नावाने खडे फोडले. रिफअतला आनंद म्हणून काही झाला नाही.

शहाता त्याला बाहेर घेऊन गेला. "काय झालंय तुला? जिंकतोस आणि सुतकी चेहरा करून बसतोस."

"मजाच येत नाही रे. कुठल्याच खेळात. उन्हाळ्यापासून."

"मग त्यात काय? माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. बायकोची चाहूल लागली की अजून छाती धडधडते माझी, पण ती वेगळ्या कारणाने." शहाता स्वतःच हसला. "तुला सगळ्या खाचाखोचा पाठ झाल्यात, उस्ता. उत्तर आधीच ठाऊक असलं तर कोडं घालून उपयोग काय? घरी जा, झोप काढ."

शहाताचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण तो या गल्लीत आला तेव्हा रिफअतचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याला काय माहीत?

वडिलांचा जीव तावल्यात, फासे-सोंगट्यांच्या खेळात. कहवाखान्यात रोज संध्याकाळी सोंगट्या मांडून बसायचे आणि फासे टाकताना असे ओरडायचे की रस्त्यावरचा माणूस थबकायचा. एका संध्याकाळी त्यांच्या फाशांवर सहा-सहा पडलं. सगळा कहवाखाना ओरडला, आणि त्यांनी फाशांकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळेतला रिफअत तेव्हा शेजारीच बसला होता. तिथून सुरुवात झाली. आधी खेळ सुटला, मग बोलणं सुटलं, मग जेवण सुटलं, आणि एका हिवाळ्यात माणूसच हातचा गेला. मनाचा आजार, डॉक्टर म्हणाले होते. कधी कधी बापाकडून मुलाकडेही येतो, असंही म्हणाले होते.

रिफअत कालव्यावरच्या फेरीबोटीत इंजिनाचा मिस्त्री होता. इंजिन जरा वेगळं वाजलं की तो कान लावून बसायचा. आता महिनोन् महिने तो स्वतःलाच कान लावून बसला होता.

घरी येताना त्याने दुकानातला सगळ्यात भीतिदायक खेळ मागून आणला. आल्या आल्या तो सुरू केला, तोही सगळ्यात अवघड पातळीवर. निदान दचकू तरी, एवढीच त्याची अपेक्षा होती. आई शेजारी मुलुखियाची पालेभाजी निवडत बसली होती.

पडद्यावरच्या अंधाऱ्या दवाखान्यात एका टेबलावर बंदुकीच्या गोळ्या आणि औषधं मांडून ठेवलेली दिसली. नवखा खेळाडू हरखला असता. रिफअतने मात्र ओळखलं, इतकं आयतं हाताशी ठेवलंय म्हणजे पुढच्या खोलीत मोठं जनावर असणार.

"तिकडे नको जाऊस रे," आई म्हणाली. "कुणीतरी आहे तिथे."

"आहे, आई. डावीकडून येईल."

ते डावीकडूनच आलं. आई किंचाळली, तिच्या मांडीवरची परात उपडी झाली आणि पानं जमिनीवर पसरली. रिफअतने जनावर मारलं, खेळ थांबवला आणि गळ्यावर दोन बोटं टेकवून नाडी पाहिली. झोपलेल्या माणसाची असावी तशी संथ चालली होती. भीती वाटत नाही याचीच त्याला अशी भीती वाटली की ती नाडी त्याच्याच बोटांखाली पळायला लागली.

"नाडी कशाला बघतोस?"

"काही नाही."

"मला नको सांगूस काही नाही. तुझ्या बाबांना मी या डोळ्यांनी बघितलंय."

"मग सांग ना. माझं त्यांच्यासारखंच होतंय का?" एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "मला कशातच गोडी वाटत नाही, आई. आज दुपारचा मासासुद्धा बेचव लागला."

"माशात मीठ घालायला विसरले होते मी. तू काही बोलला नाहीस, म्हटलं कळलं नाही वाटतं."

"थट्टा नको करूस. मला भीती वाटते. रात्री झोपताना वाटतं, उद्या उठलो आणि तुझ्याकडे बघूनही मला काही वाटलं नाही, तर?"

आईने झग्याला हात पुसले.

"त्यांना मी विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, रिफअतच्या बाबा, जेवत नाही, बोलत नाही, तुम्हाला स्वतःचीच भीती नाही वाटत? तर म्हणाले, कशाची? खरंच विचारत होते रे. त्यांना समजतच नव्हतं. सगळी भीती मीच एकटी वाहत होते, त्यांच्यात तेवढीही उरली नव्हती. तू घाबरतोस ना, घाबर. घाबरतोयस तोवर तू आहेस. आणि उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जाऊ. या वेळी आधीच जाऊ."

"मी कामाला..."

"बोटीचं इंजिन एक दिवस दुसरं कुणी बघेल."

रिफअतला रडू आलं. एवढ्या मोठ्या वयाच्या माणसाने आईसमोर रडावं याची त्याला लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे लक्षात आल्यावर आणखी रडू आलं.

आई खाली वाकून पानं वेचायला लागली. बोलताना तिचा आवाज ठाम होता, पण आता तिची बोटं इतकी थरथरत होती की एकही पान उचललं जात नव्हतं. रिफअतने परात आपल्याकडे ओढून घेतली आणि तिच्याकडे न बघता तो एकेक पान वेचू लागला.