रेघेला सुटलेलं पोट

फरशीवाल्याच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड, की कामावर सगळे त्याला ‘भिंग’च म्हणत. नंबर उणे अठरा. पण फरशीची रेघ जरा हलली तरी त्याच्या नजरेतून सुटत नसे. म्हणून त्या दिवशी नव्या स्वयंपाकघरातली रेघ मधेच फुगलेली दिसली, तेव्हा त्याचं डोकंच फिरलं.

“ही काय रेघ आहे? पोट सुटलंय हिला!”

“भाऊजी, दोरी लावूनच बसवल्यात,” मेव्हणा म्हणाला. नऊ वर्षं दोघं जोडीने काम करत होते.

भिंगने ऐकलं नाही. छिन्नी घेऊन चार फरशा उखडल्या. मेव्हण्याने पुन्हा दोरी ताणली, तर आता त्या ताठ दोरीलाच पोट आलं. भिंगने डावा डोळा मिटला. दोरी लाटेसारखी वळली. उजवा मिटला, दोरी सरळ.

मेव्हणा त्याला तडक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

“नंबर मोठा असला की डोळा लांबट होतो, आतला पडदा ताणून पातळ होतो,” त्या म्हणाल्या. “उजव्या डोळ्यात पडद्याखाली नको तिथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्यात, त्या पाझरतायत. इंजेक्शन लवकर द्यायला हवं.”

“दंडात?”

“डोळ्यात.”

दोन दिवसांनी भिंग बायकोबरोबर दवाखान्यात आला, पण बूड काही टेकेना. खिडकीपाशी जा, पाणी पी, परत ये.

“अहो, बसा की. फेऱ्या मारून फरशी झिजवाल.”

“झिजू दे. बसवलीच आहे गचाळ.”

पाणी प्यायच्या निमित्ताने तो जिन्यापर्यंत पोचला. बायको मागे आली. “पळायचं तर पळा. पण उद्या माझं तोंड मधोमध पुसट का दिसतं, हे मला विचारू नका.”

तो मागे फिरला.

आत थेंब टाकून डोळा बधिर केला, पापण्यांना चिमटा लावला. “वर बघा.” सुई दिसलीच नाही. नुसता दाब, मग नजरेत तरंगणारे काळे ठिपके. बोंब मारायच्या तयारीने आलेला माणूस “झालं?” म्हणत उठून बसला.

पुढचा महिना मात्र जीव खाणारा गेला. दाराची चौकट, खिडकीचे गज, जे दिसेल त्याच्याकडे डावा डोळा मिटून बघायचं. सकाळी सरळ वाटलेली चौकट दुपारी वाकडी वाटे. बायकोवर खेकसायचा, मग तिलाच विचारायचा, “सरळ आहे ना ग?”

दुसऱ्या इंजेक्शननंतर तपासणीत पाझर थांबलेला दिसला. रेघ बरीचशी सरळ झाली होती, पण ऐन मधे एक पुसट डाग राहिला.

“हा जाईल?”

“बहुतेक नाही. पण वेळेवर आलात म्हणून एवढ्यावर निभावलं. रेघ पुन्हा हलली, तर लगेच या.”

बाहेर येऊन त्याने मेव्हण्याला फोन लावला. “त्या चार फरशा...”

“केव्हाच बसवल्या.”

“माझं चुकलं रे.”

“माहीत आहे. सोमवारपासून जिन्याचं काम आहे. येताय ना?”

“येतो. पण दोरी तू बघायची.”

सोमवारी मेव्हणा दोरीवरून नजर लावून म्हणाला, “सूतभर डावीकडे, भाऊजी.” एकदा स्वतः वाकून बघावं म्हणून भिंगची मान शिवशिवत होती. तरी त्याने दोरीकडे न बघता फरशी सूतभर डावीकडे सरकवली.